शब्भात

आमच्या वसतिगृहात शनिवारी जे जेवण मिळायचं त्याला शंभर मुली 'शब्भात' म्हणत. मूळ शब्द 'शब्बाथ', म्हणजे आठवड्यातला देवाने नेमून दिलेला विश्रांतीचा दिवस. पण हा पडला धानाचा मुलूख. इथे कानावर 'बाथ' आलं तर माणूस 'भात'च ऐकणार. मार्थाबाईने मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "शनिवारी चूल पेटनार नाई, शनिवारी शब्बाथ राह्यते," आणि शुक्रवारी रांधलेला भात शनिवारी ताटात पडला. मुलींनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला.

मुलींचं सोडा, मीही सहा महिने त्याच समजात होते. मार्थाबाई सिरोंच्याकडची, तेलुगू बोलत वाढलेली. तिकडची भाताची काही तऱ्हा असेल, चिंच-कढीपत्त्याची, असं मला वाटायचं. एकदा मी मोठ्या हौसेने तिला शब्भाताची कृती विचारली. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लय सोपी हाये मॅडम," ती म्हणाली. "काईच करू नोका."

मी त्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातून रस्ता भामरागडकडे जातो, त्याच रस्त्यावर ते होतं. चालवत ख्रिस्ती मंडळी; राहत बहुतेक माडिया आदिवासींच्या मुली; आणि त्यांची देखरेख करायला मी, ब्रह्मपुरीकडच्या कुणब्याची लेक, जिच्या घरच्या देव्हाऱ्यात देवांना पाय ठेवायला जागा नाही. ख्रिस्ती लोकांत वारावरून भांडण असतं हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी सगळे ख्रिस्ती रविवारवाले.

मार्थाबाई शनिवारवाली होती. बुटकी, रुंद, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वाफेचे डाग, चष्म्याची एक काडी सुतळीची. मीठ ती कधी चाखायची नाही, वासावरून सांगायची, आणि ते चुकलं असं मला एकदाही आठवत नाही. चुलीला 'इंजन' म्हणायची. मुलगी रुसली की समजूत घालायची नाही, तिच्यापुढे निवडायला तांदूळ ठेवायची. तोंडाने मात्र बाई फाटकी. तिच्यापुढे संस्थेचे सचिवसुद्धा शब्द जपून टाकत.

नावावरून ती स्वतःचीच थट्टा करी. त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आला तर मार्था रांधण्यात गुंतली आणि धाकटी मरीया पायाशी बसून ऐकत राहिली. शाबासकी मिळाली बसून राहिलेलीला. "माह्या बापानं नावच चुकीचं ठेवलं," मार्थाबाई म्हणायची. "सहा दिवस मी मार्था. पन शनिवारी मी मरीया. शनिवारी मले कोनी मार्था म्हनून हाक मारायची नाई."

आणि खरंच, शनिवारी ती ओ देत नसे. निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, आवारातल्या आपल्या दोन खोल्यांच्या ओसरीवर काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र मांडीवर घेऊन बसलेली असायची. मी एकदा गंमत म्हणून "मरीयाबाई" अशी हाक मारली, तर झटकन मान वर करून म्हणाली, "बोला."

तिचा शुक्रवार बघण्यासारखा असे. सकाळपासून इंजन धडधडायचं. दुपारपर्यंत भाताचे दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, उतरायचे. उन्हाळ्यात त्यातल्या भातावर पाणी ओतून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो किंचित आंबूस, गार लागे आणि त्याबरोबर कांदा, जवसाची चटणी. मुली तुटून पडत, कारण घरी आंबील पिणाऱ्या पोरींना गार-आंबट नवं नव्हतं. हिवाळ्यात वेगळी युक्ती. सागाच्या फळ्यांची एक पेटी तिने सुताराकडून करवून घेतली होती. तिच्यात गुडघाभर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यात उकळत्या वरणाचा गंज, वरून पुन्हा तणीस, पोती आणि माझ्या कार्यालयातली एक जुनी सतरंजी, जी मी आजवर परत मागितलेली नाही. शनिवारी दुपारी झाकण काढलं की वरणातून वाफ यायची. विस्तव नाही, वीज नाही. "देवानं विस्तव लावाले मना केलं," ती म्हणायची, "डोकं लावाले नाई."

तिचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होई आणि शनिवारी सूर्यास्ताला संपे, आणि त्या सूर्यास्ताच्या बाबतीत ती कोणाचं ऐकायची नाही. आमच्याकडे सूर्य आधी झाडांमागे जातो आणि बराच वेळाने खरोखर बुडतो. शुक्रवारी तो झाडामागे गेला रे गेला की ती हात धुऊन मोकळी. शनिवारी मात्र चांदणी दिसेपर्यंत काडी ओढायची नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्ही दोन्हीकडून देवाला जास्त देता." म्हणाली, "नोकरीत लोक दोन्हीकडून चोरतात, त्याची भरपाई."

सचिव डेव्हिडसर निवृत्त मुख्याध्यापक. चर्चमध्ये त्यांचा शब्द मोठा, माणूस सज्जन, पण समोर फळा नसला तरी शिकवणारे. मार्थाबाईला कामावर घेताना शनिवारची अट त्यांनीच मान्य केली होती, आणि तिचं मत बदलणं हे आपलं काम आहे असं त्यांनी मनाशी धरलं होतं. गंमत म्हणजे रविवारी सकाळी मुलींचा नाश्ता उरकून मार्थाबाई त्यांच्या चर्चलाही जायची. शेवटच्या बाकावर, कांद्याच्या वासासकट. "शनिवार माहा, रविवार सरायचा. देव दोन्ही दिवशी घरीच राह्यते."

एका रविवारी चर्च सुटल्यावर स्वयंपाकघराच्या दारात त्यांची जुंपली. मी तांदळाची पोती बघायला आले होते, तिथेच थबकले.

"मार्थाबाई, येशू मेलेल्यांतून उठला तो वार रविवार. आपला दिवस तोच. शब्बाथ मोशेच्या दहा आज्ञांतली चौथी, जुन्या नियमातली, ती संपली."

"चोरी करू नोको, हे संपलं का सर?"

"ते कसं संपेल?"

"खून करू नोको?"

"नाही हो."

"दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवू नोको?"

डेव्हिडसर खाकरले.

"मंग दहा दातातले नऊ शाबूत, आन हा चौथाच कसा काय किडला?"

मला हसू आवरेना. पण सरही कच्चे नव्हते. ते म्हणाले, "बाई, दिवस पाळून कोणी स्वर्गात जात नाही. आपण तरतो ते देवाच्या कृपेने."

"स्वर्गासाठी कोन पाळून राह्यलं? मी थकतो म्हनून पाळतो. देवाले मायीत होतं मी थकीन. मी सांगाच्या आधीच त्यानं लिहून ठेवलं."

मग त्यांनी आपलं शेवटचं पान टाकलं. "प्रभूने स्वतः शब्बाथाच्या दिवशी आजारी माणसं बरी केली. दुसऱ्याचं भलं होत असेल तर त्या दिवशी काम केलं तरी चालतं. हे तरी मानता?"

"मानतो ना," मार्थाबाई म्हणाली. "पोट्ट्या उपाशी राह्यल्या त मी शनिवारी चूल पेटवीन. राह्यतात का उपाशी?"

सर निघून गेले. मार्थाबाईने पदराने तोंड पुसलं आणि मला डोळा मारला. त्या दिवशी ती जिंकली असं तिलाही वाटलं आणि मलाही.

तिच्या त्या भक्कम शनिवाराला पहिला धक्का दिला तो भामरागडच्या आतल्या गावातून मुलीला भेटायला आलेल्या एका माणसाने. शनिवार होता. चूल गार पाहून त्याने मुलीला माडियात काही विचारलं, आणि तिच्या उत्तरात एक शब्द दोनदा आला: पोलवा. मार्थाबाई ओसरीवरून उठून आली.

"पोलवा म्हंजे का जी?"

"सुट्टी," तो तुटक मराठीत म्हणाला. "गावात पोलवा राह्यला का शेतात जात नाई. लाकूड तोडत नाई. बैल जुपत नाई."

मार्थाबाईचा चेहरा उजळला. "बैल बी नाई? मॅडम, ऐका! आमचा मोशे याह्यच्या गावाले कधी येऊन गेला?"

तो हसला. मग त्याची नजर नळाकडे गेली. तिथे पार्वता भाताचे गंज राखेने घासत बसली होती. पार्वता म्हणजे मार्थाबाईच्या हाताखालची बाई. जवळच्या गावातून रोज चालत यायची, घरी नवरा, दोन सुना आणि न संपणारं काम. कोणी बोलावलं तरच बोलायची.

"मंग ते बाई का करते?" त्याने विचारलं.

"कोन? ते त पार्वता हाये," मार्थाबाई म्हणाली.

त्या माणसाने मान हलवली. "एका बाईचा पोलवा नाई राहत. पोलवा अख्ख्या गावाचा राह्यते."

मार्थाबाईने ते हसण्यावारी नेलं आणि त्याला पोटभर शब्भात वाढला. पण संध्याकाळी तिने चांदणी निघाल्यावरही चूल पेटवायला वेळ लावला, हे मी पाहिलं.

महिनाभराने पार्वतानेच विचारलं. टोमणा नव्हता, गडचिरोलीची बस गेली का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. गंज पालथा घालता घालता म्हणाली, "बाई, तुमचा देव ख्रिस्ती बायायलेच सुट्टी देते का?"

मार्थाबाई उठून ओसरीवर गेली, शास्त्र उघडलं, चौथ्या आज्ञेवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागली. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मी कठड्याला टेकून उभी होते.

"मॅडम," ती म्हणाली, "इथी सगळे लिवले हायेत. पोरगा, पोरगी, चाकर, चाकरीन. बैल बी हाये. दाराशी आलेला परका बी हाये. इतके वर्सं मी हे तोंडपाठ म्हनून राह्यली." तिने बोट पुढच्या शब्दावर सरकवलं. "बैलाले सुट्टी हाये. आन माह्या पार्वताले नाई."

पुढच्या शुक्रवारी तिने मुलींना पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायला बसवलं, म्हणजे शनिवारी ताटं नकोत. पण मोठे गंज होते, जेवणाची खोली झाडायची होती, पाण्याच्या टाक्या होत्या. म्हणून सोमवारी ती डेव्हिडसरांपुढे जाऊन उभी राहिली. मलाही ओढून नेलं, "तुमी नुसत्या उभ्या राहा" म्हणून. शनिवारी स्वयंपाकघर पूर्ण बंद ठेवा आणि पार्वतालाही सुट्टी द्या, एवढं तिचं मागणं.

सर म्हणाले, "तुमच्यासाठी शब्द दिला तो मी पाळतोय. पण पार्वता ख्रिस्तीसुद्धा नाही. तिला कसला शब्बाथ? शंभर मुलींचं घर आहे. खरकटी भांडी रात्रभर पडून राहिली, तपासणीला कोणी आलं, तर मी काय सांगू? शनिवारी भांड्यांना कोणीतरी हवंच."

"कोनीतरी पाह्यजे," मार्थाबाई सावकाश म्हणाली.

"हो. तेवढं पाहा."

ती वाद न घालता वळली. माझ्या आठवणीत तसं एकदाच झालं. मला वाटलं, बाई थकली.

त्या शनिवारी सकाळी मी दात घासत खिडकीशी आले आणि तशीच उभी राहिले. नळावर मार्थाबाई बसली होती. पांढरी साडी नव्हती. रोजचं मळकं लुगडं, पदर खोचलेला, हातात राखेचा चोथा, पुढे तो मोठा गंज. बाजूला पार्वता रडकुंडीला येऊन उभी.

"बाई, नोका ना. तुमचा शनिवार हाये."

"घरी जा."

"पाप लागन तुमाले."

"लागन त मले लागन. तू घरी जा, आन झोप. आज तुही सुट्टी."

मी खाली धावले. म्हटलं, "मरीयाबाई, हे काय?"

तिने वर पाहिलं नाही. "मार्था म्हना मॅडम. आज मार्थाच."

तीस वर्षांत शनिवारी जिने आगपेटीला हात लावला नव्हता, जिने त्या एका दिवसापायी दोन बऱ्या नोकऱ्या सोडल्या होत्या, ती बाई शनिवारी भांडी घासत होती. मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. या बाईच्या हाताचं मी जेवते, याचा मला अभिमान वाटला. चोथा हातात घेऊन तिच्या शेजारी बसावं असंही वाटलं, पण ती मला बसू देईना. "तुमची रविवारची सुट्टी तुमी सांभाळा," म्हणाली.

पार्वताला सुट्टी पचेना. पहिल्या शनिवारी ती घरी गेली आणि जंगलातून लाकडाची मोळी घेऊन आली. दुसऱ्या शनिवारी सुनांनी तिला धान कांडायला बसवलं. हे कळल्यावर मार्थाबाई असली भडकली! "मी इथी गंज घासून राह्यली ते तू मोळ्या वाहाव्या म्हनून का? उद्यापासून... नाई, येत्या शनिवारपासून तू माह्या ओसरीवर येऊन पडायचं." पार्वता येऊ लागली. यायची आणि ओसरीच्या कडेला अंग चोरून बसायची, सारखी उठू उठू करायची. नळावरून मार्थाबाई ओरडायची, "पार्वता, आडवी हो!" मुलींना तो खेळच झाला. त्याही ओरडायच्या, "पार्वताबाई, आडवी हो!"

ही बातमी चंद्रपूरला तिच्या शनिवारवाल्या मंडळींपर्यंत गेली. दोन वडीलधारे पुरुष आणि एक बाई, एका शनिवारी आधी प्रार्थना करून आले. सज्जन लोक, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. नळाजवळ उभं राहून त्यांनी तिला विचारलं, "मार्थाबाई, तुमी शब्बाथ सोडला म्हंतात. खरं हाये का?"

मार्थाबाईने हातातलं झाकण खाली ठेवलं. "नाई जी. पाळून राह्यली ना."

"असा?"

"पार्वताचा."

त्यांना कळेना. तिने राखेच्या हाताने ओसरीकडे दाखवलं. "माहा शब्बाथ मी तीस वर्सं पाळला, आन तिच्या पाठीवर बसून पाळला. आता काई दिवस तिचा पाळतो. शनिवारी दुसऱ्याचं भलं केलं त चालते, हे मले आमच्या रविवारवाल्या डेव्हिडसरनं शिकवलं."

पाहुण्यांतली बाई बराच वेळ पार्वताकडे पाहत राहिली. मग तिने आपली चप्पल काढली, पदर खोचला आणि मार्थाबाईने घासलेली भांडी विसळू लागली. पुरुषांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग जाऊन टाकीत पाणी भरलं. जाताना त्यातला एक मला म्हणाला, "हे बरोबर का चूक, मले सांगता येनार नाई." प्रामाणिक माणूस.

मार्थाबाईने मागणं पुन्हा केलं नाही. सगळा हिवाळा ती दर शनिवारी नळावर बसली. डेव्हिडसर शनिवारी सहसा येत नसत. होळीच्या आधी एकदा कामासाठी आले आणि आवारात शिरताच त्यांची पावलं थांबली. त्यांच्या कानावर गेलं असणारच, पण ऐकणं वेगळं. या बाईचा शनिवार म्हणजे काय हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. वर्षानुवर्षं तोच तर ते तिच्याकडून काढून घ्यायला बघत होते.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "आज शनिवार."

"हो सर. मले मायीत हाये."

"मग हे..."

"तुमी म्हनलं होतं ना, कोनीतरी पाह्यजे. मी कोनीतरी हाये."

सर चहा न घेता परत गेले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उपदेश करताना दोनदा अडखळले, असं मुलींनी मला सांगितलं. आठवड्याभरात संस्थेचं पत्र आलं: शनिवारी स्वयंपाकघर सर्वांसाठी बंद, भांडी भिजत ठेवून रविवारी घासावीत, पाणी शुक्रवारी भरून ठेवावं, दोघींनाही भरपगारी सुट्टी. पत्र घेऊन सर स्वतः आले, तेही शनिवारी. मार्थाबाईला म्हणाले, "मी अजून रविवारचाच आहे, बरं का. दिवसाचं तुमचं मला पटलेलं नाही."

"नोको पटू द्या," ती म्हणाली. "सुट्टीचं पटलं, लय झालं." आणि सरांना आयुष्यात पहिल्यांदा शब्भात वाढला. ते दोनदा मागून जेवले.

त्याच उन्हाळ्यात मी घरच्या कारणाने ती नोकरी सोडली. निघाले तो दिवस नेमका शनिवार. दुपारच्या बसने गडचिरोलीला जायचं होतं. सामान फाटकाशी ठेवून मी निरोप घ्यायला मार्थाबाईकडे गेले. स्वयंपाकघराला कुलूप होतं, गंज नळाशी पाण्याने काठोकाठ भरलेले होते, आणि सगळ्या आवारात भांड्याचा एक आवाज नव्हता.

ओसरीवर चटईवर पार्वता झोपली होती. कुशीवर नाही, अंग चोरून नाही. चांगली उताणी, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. घोरत होती. तिच्या उशाशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून मार्थाबाई बसली होती. मांडीवर शास्त्र मिटलेलं, आणि हातातल्या पंख्याने ती पार्वताच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. माझ्यासाठी पळसाच्या पानात बांधलेली भाताची शिदोरी पायरीवर तयार होती.

बोलायचं बरंच ठरवून आले होते. मी "मरीयाबाई" एवढंच म्हटलं, तर तिने पंखा थांबवला आणि बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला मॅडम," ती कुजबुजली. "शब्बाथ चालू हाये."